नाईलची चावी हेडकडे कशी गेली

कालव्याच्या हेडला, म्हणजे सुरुवातीला, शेत असणं आणि टेलला, म्हणजे शेवटाला, असणं यात काय फरक आहे, हे बागायती पट्ट्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. हेडवाल्याची चारी आधी भरते. टेलवाल्याला आवर्तन संपत आलं की उरलंसुरलं मिळतं आणि पाटकऱ्याकडे खेटे घालावे लागतात.

दोन-चार देशांमधून वाहणाऱ्या नदीचा नकाशाही असाच दिसतो, पण तिथे वरचा देश वरचढ असेलच असं नाही. नाईल नदीवर जवळपास शंभर वर्षं सगळी सत्ता टेलच्या देशाकडे, म्हणजे इजिप्तकडे होती. ज्या इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडतो, त्याच्या वाट्याला करारात एक थेंबही नव्हता. ९ सप्टेंबर २०२५ रोजी इथिओपियाने नील नाईलवरच्या धरणाचं उद्घाटन केलं तेव्हा हे चित्र उलटलं. पाणी पूर्वीइतकंच आहे. ते कधी सोडायचं हे ठरवणारा हात मात्र बदलला. पाणीटंचाईच्या जगात देशांची ताकद कशी सरकते, हे समजून घ्यायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला दिसत नाही, म्हणून इथे नाईलच सविस्तर पाहू.

आधी हिशेब

आंतरराष्ट्रीय बातम्यांत पाणी अब्ज घनमीटरमध्ये मोजतात. आपल्याकडे टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची सवय आहे. एक अब्ज घनमीटर म्हणजे ३५.३ टीएमसी, एवढं लक्षात ठेवलं की आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. कोयनेची पूर्ण क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे तीन अब्ज घनमीटर.

नाईलच्या दोन मुख्य शाखा. श्वेत नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून निघते, पण दक्षिण सुदानच्या 'सुद' नावाच्या अफाट दलदलीत तिचं जवळजवळ निम्मं पाणी बाष्प होऊन उडून जातं. नील नाईल, जिला इथिओपियात 'अबाय' म्हणतात, ताना सरोवरापासून निघून खोल दऱ्यांतून सुदानमध्ये उतरते. सुदानची राजधानी खार्तूम इथे दोघी मिळतात. आस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या पठारावरून येतं, त्यात एकट्या नील नाईलचा वाटा सर्वांत मोठा. सीमेवर ती वर्षाला सरासरी ४९ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे १,७३० टीएमसी पाणी नेते. त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत येतं. उरलेलं वर्ष नदी बारीक असते. साठवायची सोय नसेल तर हे पाणी म्हणजे चार महिन्यांचा पूर आणि आठ महिन्यांची ओढ.

आता टेलकडे. इजिप्तच्या ९७ टक्के पाण्याचा आधार नाईल. कैरोत वर्षाकाठी जेमतेम पंचवीस मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे आपल्याकडच्या एका चांगल्या वळवाइतका. १९५९च्या करारानुसार इजिप्तचा वाटा ५५.५ अब्ज घनमीटर, सुमारे १,९६० टीएमसी. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातलं २,०६० टीएमसी पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात वाटलं होतं. जवळपास तेवढं सगळं पाणी एका इजिप्तकडे आहे. तरीही ते पुरत नाही, कारण पावसाची भर शून्य आणि माणसं दहा कोटींच्या वर. ५५.५ अब्जांना पावणेअकरा कोटींनी भागून पाहा, माणशी वर्षाला ५१५ घनमीटरच्या आसपास पाणी येतं. मालिन फाल्केनमार्क या स्वीडिश जलतज्ज्ञ बाईंनी रूढ केलेल्या मापानुसार १,७०० घनमीटरखाली ताण, १,००० खाली टंचाई आणि ५०० खाली टोकाची टंचाई. इजिप्त त्या शेवटच्या रेषेवर उभा आहे.

म्हणून तिथे एकच पाणी पुन्हा पुन्हा वापरतात. शेतातून निचरा झालेलं पाणी पंपाने उचलून परत कालव्यात टाकतात. बहर अल-बकर इथलं शुद्धीकरण केंद्र एकटंच दिवसाला ५६ लाख घनमीटर निचऱ्याचं पाणी साफ करू शकतं. पण पाणी दरवेळी जमिनीतून फिरून आलं की सोबत क्षार घेऊन येतं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या उत्तर टोकाला, समुद्राजवळ, जमिनी क्षारपड होतात. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अतिपाण्याने जे झालं, ते तिथे पाण्याच्या फेरवापराने होतं. वरून येणारं गोडं पाणी घटलं तर हे क्षार धुवून काढायलाही पाणी उरत नाही. कमी पाण्याचा फटका नुसत्या कोरड्या शेतापुरता थांबत नाही, तो असा जमिनीत मुरतो.

टेलकडे सत्ता कशी होती

तीन गोष्टींच्या जोरावर: कागद, धरण आणि कर्ज.

कागद ब्रिटिशांनी दिले. इजिप्तच्या कापसाला पाणी हवं होतं आणि तो कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता. १९०२च्या करारात इथिओपियाचा सम्राट मेनेलिक दुसरा याच्याकडून ब्रिटिशांनी लिहून घेतलं की, त्यांच्या संमतीशिवाय नील नाईलचा प्रवाह अडवणारं बांधकाम होणार नाही. १९२९ साली ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात ठरलं की इजिप्तला ४८ अब्ज घनमीटर आणि सुदानला ४. १९५९ साली स्वतंत्र सुदानने वाटा वाढवून मागितला. आस्वानला येणारं सरासरी ८४ अब्ज घनमीटर पाणी असं वाटलं गेलं: इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५ आणि उरलेले १० बाष्पीभवनाचे. बेरीज पूर्ण ८४. ज्याच्या डोंगरावरून ते आलं, त्याचं नाव यादीतच नाही. इथिओपिया हा करार मानत नाही, आणि ज्याच्यावर सही नाही तो कागद आपल्याला बांधत नाही हे त्याचं म्हणणं मला न्याय्य वाटतं.

धरण म्हणजे आस्वानचं उंच धरण. अमेरिका आणि ब्रिटनने जुलै १९५६मध्ये त्याच्या कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. पुढे सोव्हिएत मदतीने १९६० ते १९७० या काळात धरण बांधून झालं. त्याच्या नासर जलाशयाची क्षमता सुमारे १६२ अब्ज घनमीटर, म्हणजे चोपन्न कोयना. वर्षभराच्या प्रवाहाच्या जवळपास दुप्पट साठा! दोन-तीन वर्षं पाऊस रुसला तरी इजिप्त तग धरू शकतो तो यामुळे. किंमत मोठी आहे. वाळवंटाच्या मधोमध हजारो चौरस किलोमीटर पाणी उघडं पडलेलं असतं आणि वर्षाला दहा अब्ज घनमीटर, म्हणजे साडेतीनशे टीएमसीच्या आसपास, हवेत जातं.

तिसरी गोष्ट कर्जाची, आणि ती सर्वांत कमी चर्चेत येते. आंतरराष्ट्रीय नदीवरच्या प्रकल्पाला पैसे देण्याआधी खालच्या-वरच्या देशांना कळवायचं आणि त्यांची हरकत विचारात घ्यायची, असा जागतिक बँकेचा नियम आहे. हेतू चांगला. पण परिणाम असा की इजिप्तने हरकत घेतली की इथिओपियाच्या मोठ्या धरणाचा पैसा अडायचा. अमेरिकी सरकारच्या अभियंत्यांनी १९५६ ते १९६४ या काळात नील नाईलची पाहणी करून धरणाच्या जागा दाखवून ठेवल्या होत्या. सीमेजवळची जागाही त्यात होती. नकाशा तयार, नदी तयार, पैसा नाही. असं जवळपास अर्धशतक गेलं.

कुलूप कसं उघडलं

२ एप्रिल २०११ रोजी पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी सीमेजवळच्या त्या भागात पायाभरणी केली. इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांची सत्ता नुकतीच कोसळली होती आणि कैरोचं लक्ष घरातच गुंतलेलं होतं. पैशाचा प्रश्न इथिओपियाने परदेशी कर्जाला वळसा घालून सोडवला: सरकारी रोखे, देशी बँका, परदेशी राहणाऱ्या इथिओपियन लोकांची खरेदी आणि सरकारी नोकरांचा एकेक महिन्याचा पगार. गरीब देशाने चार-पाच अब्ज डॉलर असे उभे केले. वीजवाहिन्यांसाठी चिनी कर्ज आलं, पण धरणाच्या भिंतीचं कर्ज कुणी अडवू शकेल अशी जागाच ठेवली नाही. सत्ता टेलकडून हेडकडे सरकली ती या टप्प्यावर, काँक्रीट पडायच्याही आधी.

भिंत १४५ मीटर उंच आणि सुमारे १,८०० मीटर लांब. ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहे. म्हणजे ओलं काँक्रीट साच्यात ओतण्याऐवजी कोरडसर मिश्रण पातळ थरांत पसरून रस्त्यासारखं दाबत न्यायचं. त्याने काम झपाट्याने होतं आणि सिमेंटही कमी लागतं. शेजारी एक खिंड सखल होती, तिथून पाणी निसटलं असतं. म्हणून दगड-मुरमाचा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा दुसरा बांध घालावा लागला. साठा ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे साधारण २,६०० टीएमसी, पंचवीस कोयना. नील नाईलचं दीड वर्षाचं पाणी.

काम सरळ झालं नाही. वीज-यंत्रणेचं कंत्राट लष्कराशी संबंधित सरकारी कंपनीकडे होतं, काम रखडलं, २०१८ साली ते काढून घ्यावं लागलं. जनित्रांची संख्या १६ वरून १३ वर आली. क्षमता ५,१५० मेगावॉटच्या आसपास ठरली.

हा आकडा ऐकून फसू नका. स्वतः हिशेब करून पाहा. ४९ अब्ज घनमीटर वर्षभर समान सोडले तर सेकंदाला सुमारे १,५५० घनमीटर पाणी. पाण्याची पडण्याची उंची १३० मीटर धरा. १,५५० गुणिले १३० गुणिले ९.८, त्यातलं दहा टक्के यंत्रात गेलं असं समजा, तर सरासरी वीज येते १,८०० मेगावॉटच्या आत. म्हणजे बसवलेल्या क्षमतेच्या साधारण ३५ टक्के. बाकीची जनित्रं पुराच्या महिन्यांत आणि संध्याकाळच्या मागणीला कामाला येतात.

या हिशेबातच इजिप्तला दिलासा देणारी गोष्ट दडलेली आहे. वीज करायची तर पाणी जनित्रातून खाली सोडावंच लागतं. जलविद्युत धरण पाणी पीत नाही, ते पाण्याचं वेळापत्रक बदलतं. इथिओपियाने पाणी अडवून ठेवलं तर त्याचीच वीज बंद पडेल. शिवाय केनिया, सुदान आणि जिबूतीला वीज विकून डॉलर मिळतात. हेडवाल्यालाही मग धरणाची पातळी सांभाळत पाणी सोडत राहण्यात स्वार्थ असतो.

मग भांडण कशाचं आहे

भरण्याचं भांडण होतं ते उरकलं. जुलै २०२०मध्ये पहिल्यांदा ४.९ अब्ज घनमीटर अडवले, मग दर पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने. फेब्रुवारी २०२२मध्ये पहिलं जनित्र फिरलं. या वर्षांत पाऊस बरा झाला आणि नासर जलाशयही भरलेला होता, त्यामुळे इजिप्तच्या शेतीवर भीती होती तसा घाला पडला नाही.

खरं भांडण सलग दुष्काळाचं, आणि त्याहून जास्त दुष्काळ संपल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याचं. कल्पना करा, चार-पाच वर्षं पाऊस कमी झाला. दोन्ही जलाशय तळाला गेले. मग एक चांगलं वर्ष आलं. नदी आधी इथिओपियाच्या भिंतीला लागते. त्याने आपलं धरण आधी भरलं तर आकाशातला दुष्काळ संपून वर्ष-दोन वर्षं झाली तरी आस्वानचा दुष्काळ चालूच राहतो.

ही भीती कागदावरची नाही. १९८०च्या दशकात असा काळ येऊन गेला. जुलै १९८८मध्ये नासर जलाशयाची पातळी १५० मीटरच्या आसपास उतरली होती, मृत साठ्याची, म्हणजे जिच्याखालचं पाणी वापरता येत नाही ती, रेषा १४७ वर आहे. कैरोत वीजनिर्मिती बंद पडायची धाकधूक होती. आणि ऑगस्टमध्ये इथिओपिया-सुदानात असा पाऊस कोसळला की खार्तूम पाण्याखाली गेलं. तो पूर थेट आस्वानला पोचला आणि इजिप्त वाचला. आज तोच पूर आधी पंचवीस कोयनांच्या रिकाम्या भांड्यात शिरेल.

म्हणून इजिप्तला आकडे बंधनकारक हवे आहेत. २०१९-२०मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या वाटाघाटींत वर्षाला ३७ अब्ज घनमीटर हा दुष्काळाचा उंबरठा चर्चेत होता: आवक त्याखाली गेली तर इथिओपियाने साठ्यातून भर घालायची. इजिप्तने मसुद्यावर आद्याक्षरी केली, इथिओपिया शेवटच्या बैठकीलाच गेला नाही. त्याचं म्हणणं असं की असा आकडा कायमचा लिहून दिला, तर उद्या वरच्या अंगाला शेतीसाठी पाणी उचलायचा आपला हक्कच मावळतो आणि १९५९ मागच्या दाराने परत येतं. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. मधला मार्ग तज्ज्ञांना ठाऊक आहे: ठरावीक आकड्याऐवजी त्या-त्या वर्षीच्या पावसाचं आणि दोन्ही साठ्यांचं ठरावीक प्रमाण. अडतं ते सही करण्यावर, कारण चावी हातात आलेल्याला कागदाची घाई नसते. पूर्वी ही घाई नसलेला पक्ष कैरो होता.

खोऱ्यातलं वजनही सरकलंय. वरच्या देशांनी केलेला नाईल खोऱ्याचा सहकार्य करार दक्षिण सुदानच्या मंजुरीनंतर १३ ऑक्टोबर २०२४ रोजी अंमलात आला. इजिप्त आणि सुदान त्यात नाहीत.

इजिप्तकडे दुसरी नदी आहे

ती जहाजांतून वाहते. एक किलो गहू पिकवायला ढोबळमानाने एक ते दीड हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे एक टन गहू आयात करणं हे हजार टनांहून जास्त पाणी आयात करण्यासारखं आहे. टोनी अॅलन या ब्रिटिश अभ्यासकाने याला आभासी पाणी म्हटलं. इजिप्त जगातल्या सर्वांत मोठ्या गहू-आयातदारांपैकी एक आहे. तिथे रोटीला 'ऐश' म्हणतात, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ जगणं.

पाण्याची टंचाई अशी धान्याच्या बाजारात जाऊन बसते, आणि तिथे सत्ता वेगळ्याच देशांकडे असते. रशिया-युक्रेन युद्धाआधी इजिप्तचा बहुतांश आयात गहू रशिया आणि युक्रेनमधून यायचा. फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटलं आणि काळ्या समुद्राची वाट धोक्यात आली. एप्रिलमध्ये इजिप्तने भारतीय गव्हाला मान्यता दिली. १३ मे रोजी भारताने उन्हाळ्याच्या झळांनी पीक घटल्याने निर्यातबंदी घातली, इजिप्तसाठी मर्यादित सवलत ठेवून. नाईलच्या टेलच्या देशाची भाकरी तेव्हा काळ्या समुद्राच्या आणि पंजाबच्या हवेवर अवलंबून होती.

हाच नियम इतरत्र लावून पाहा

तुर्कस्तानकडे फरात (युफ्रेटिस) नदीवर अतातुर्क धरण आहे, ४८.७ अब्ज घनमीटरचं. जानेवारी १९९०मध्ये ते भरायला तुर्कस्तानने महिनाभर नदीचा मुख्य प्रवाह अडवला आणि सीरिया-इराक हात चोळत बसले. हेडला साठा असला की काय होतं ते यात दिसतं. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या वापराचा कायदा १९९७ साली संयुक्त राष्ट्रांत मतदानाला आला तेव्हा विरोधात तीनच मतं पडली: तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी. तिघंही नदीच्या वरच्या अंगाला.

आता उलट उदाहरण. एप्रिल २०२५मध्ये भारताने सिंधू करार स्थगित केला तेव्हा समाजमाध्यमांवर 'पाणी बंद' असा गजर झाला. हेडला असणं आणि चावी असणं यातला फरक इथे कळतो. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या नद्यांमधून वर्षाला सरासरी १३५ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे पाच हजार आठशे टीएमसीहून जास्त पाणी जातं. १९६०च्या कराराने भारताला त्यांवर एकूण ३.६ दशलक्ष एकर-फूट साठ्याची मुभा दिली, म्हणजे १५७ टीएमसी. दीड कोयना. बगलिहार आणि सलाल ही वाहत्या पाण्यावरची धरणं आहेत, त्यांत काही दिवसांचंच पाणी मावतं. गाळ काढायला दरवाजे उघडले-मिटले तर खाली काही दिवस नदी आटते आणि मग एकदम फुगते. पेरणीच्या वेळी हा त्रास मोठाच, पण जून-जुलैचा पूर अडवायला भांडं हवं, आणि त्या दऱ्यांत ते बांधायला एक-दोन दशकं लागतात.

चीनने जुलै २०२५मध्ये तिबेटात यारलुंग सांगपोच्या, म्हणजे वरच्या ब्रह्मपुत्रेच्या, वळणावर महाकाय वीजप्रकल्प सुरू केला. त्याची बातमी वाचतानाही पहिला प्रश्न मेगावॉटचा नको, साठ्याचा विचारा.

मधला शेतकरी

या सगळ्यात सुदान विसरला जातो. इथिओपियाच्या धरणापासून शंभरेक किलोमीटरवर सुदानचं रोसेरेस धरण आहे, क्षमता सुमारे सात अब्ज घनमीटर. वरच्या भांड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. वरून प्रवाह नीट आला तर सुदानला फायदाच फायदा: पूर कमी, गाळ कमी, गेझिरा या बागायती पट्ट्याच्या कालव्यांना वर्षभर पाणी. जुलै २०२०च्या पहिल्या भरणीत मात्र नदीची पातळी अचानक उतरली आणि खार्तूमच्या काही पाणीपुरवठा केंद्रांचे पंप उघडे पडले. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उलट झालं, सुदान आणि इजिप्तच्या काठच्या गावांत पाणी शिरलं. इजिप्तने बोट इथिओपियाच्या विसर्गाकडे दाखवलं, इथिओपियाने आरोप नाकारला. तांत्रिक धोका खरा आहे: धरण काठोकाठ भरलेलं, जनित्रं पूर्ण चालत नाहीत आणि वरून पाऊस सुरूच, अशा वेळी सांडव्यावरून एकदम सोडण्याशिवाय पर्याय राहत नाही. कृष्णाकाठाला हे वेगळं सांगायला नको.

रोसेरेसच्या अभियंत्याला करारापेक्षा साधी गोष्ट हवी आहे: उद्या वरून किती घनमीटर येणार, हा आकडा आज संध्याकाळी. तो वेळेत मिळाला तर दरवाजे आधी उघडून जागा करता येते. न मिळाला तर त्याच्याकडे पाणी सीमा ओलांडून येईपर्यंतचे काही तासच असतात. सुदानमध्ये एप्रिल २०२३पासून युद्ध चालू आहे, आणि तो आकडा रोज द्यायला इथिओपियाला बांधून ठेवणारा करार अजून झालेला नाही.